पाण्याला पाणी म्हणायचं नाही

आमच्या अग्निशमन दलात तहान लागली तरी कुणी पाणी मागत नाही. घोट मागतात. ‘जरा घोट दे रे,’ असं कुणी म्हणालं की समजायचं, याला प्यायला हवंय. नव्याने भरती झालेल्यांकडून हे इतकं घोटून घेतात की पुढे जन्मभर ती माणसं घरीदारी, पाहुण्यारावळ्यांतही घोटच मागतात आणि समोरचे भलताच अर्थ काढून एकमेकांकडे बघतात. माझ्या दादाने तर मुलगी बघायला गेला असताना पहिलंच वाक्य ते टाकलं होतं. वहिनीच्या वडिलांनी तिथल्या तिथे ते स्थळ मोडायचं ठरवलं होतं, पण वहिनीला हसू आवरेना म्हणून जमलं.

‘पाणी’ हा शब्द आम्ही एकाच कामासाठी राखून ठेवलाय. आगीच्या तोंडाशी जो नोझल धरून उभा असतो, तो तयार झाला की ओरडतो, ‘पाणी.’ मागे बंबाच्या पंपापाशी जो उभा असतो, तो तोच शब्द परत म्हणतो आणि मगच व्हॉल्व्ह उघडतो. थांबवायचं असेल तर ‘बंद’, तेही तसंच परत म्हणून. का, तर होजमध्ये पाणी येतं ते नळाला येतं तसं येत नाही. जमिनीवर चपटी पडलेली ती कापडी नळी बघता बघता फुगते, ताठ होते आणि धरणाऱ्याला मागे रेटते. तयार असलेला माणूससुद्धा एक पाऊल सरकतो. तयार नसलेल्याचं काय होतं, तेच सांगायला बसले आहे.

मी स्वतः नोकरीत एकही आग पाहिलेली नाही. मी नियंत्रण कक्षात असते, टेलिफोन आणि वायरलेस यांच्यामध्ये. समोर भिंतभर शहराचा नकाशा. आमचं शहर समुद्राकाठी असल्यामुळे नकाशाचा निम्मा भाग निळा आहे, आणि नवीन माणसाला वाटतं की चला, निम्मं काम वाचलं. तसं काही नसतं. निळ्यातही नावा पेटतात, भरतीच्या वेळी हौशी मंडळी खडकांवर जाऊन अडकतात. बाकीच्या नकाशात आमची केंद्रं विखुरलेली आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मुख्यालयात मोठी शिडी, मोठे साहेब आणि मोठ्या बैठका. तेलाच्या टाक्यांच्या बाजूला फोमची गाडी, कारण तेलाच्या आगीवर नुसतं पाणी मारणं म्हणजे तिला खाऊ घालणं. टेकडीवरच्या केंद्राकडे पाण्याचे टँकर, कारण वर नळाला जोर नाही. आणि बंदर केंद्राकडे बचावाची नाव आणि समुद्राचं पाणी ओढणारा पंप. आगीची खबर आली, म्हणजे आमच्या भाषेत वर्दी आली, की कुठून काय निघायचं हे मी सांगते. साहेब लोकांना वाटतं दल ते चालवतात. वाटू दे.

बंदर केंद्राचा पंप माझ्या दादाकडे होता. समुद्र अगदी शेजारी असला तरी खारं पाणी आम्ही शेवटी वापरतो, कारण मीठ लोखंडाला सोडत नाही. वापरलंच तर परत आल्यावर पंप, होज, नोझल सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. हे काम दादा कुणाला करू द्यायचा नाही. ‘पोटच्या पोरांना कधी अशी आंघोळ घातली नाही या माणसाने,’ असं वहिनी म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्याच्या पंपाने कधी दगा दिला नाही. पुढे नोझल धरणाऱ्या माणसाला मागे दादा आहे एवढं कळलं की पुरे व्हायचं.

पुढे नोझल धरायचा काडी. अग्निशमन दलात काडी नावाचा माणूस असावा हा विनोद आमच्याकडे कधीच मेला आहे, तरी रोज कुणीतरी त्याला उठवतं. दिसायला खरोखर काडी, पण आवाज मात्र ढोलासारखा. पहिल्यांदा वायरलेसवर ऐकला तेव्हा मला वाटलं, असेल कुणी सहा फुटी पैलवान. पुढे प्रत्यक्ष पाहिला आणि मी त्याच्या मागे बघायला लागले, की बोलणारा कुठे आहे. दलातल्या बहुतेक माणसांना मी आधी आवाजावरून ओळखते, तोंडं नंतर कळतात. काडीच्या त्या आवाजासाठीच दादाने त्याला नोझलवर निवडला होता आणि स्वतः शिकवून तयार केला होता.

त्या दिवशी दुपारी वर्दी आली ती मासळीच्या धक्क्यामागच्या गोदामाची. जाळी आणि दोर ठेवायची जागा. नायलॉन पेटलं की धूर असा काळा निघतो की आग आहे कुठे तेच कळत नाही. मी बंदर केंद्राचा बंब काढला, मागून एक टँकर आणि मुख्यालयातून शिडीची गाडी. शिडीची गाडी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी अडकली. एवढी किमती गाडी, पण तिच्या मापाची गल्ली या शहरात अजून जन्माला यायची आहे. मग बंबावरचीच साधी शिडी माळ्याच्या खिडकीला लावली आणि खांद्यावर रिकामी होज घेऊन काडी चढायला लागला.

हे मला बंदर केंद्राचे साहेब वायरलेसवर सांगत होते. ते बंबाला टेकून बोलत असावेत, कारण पंपाची घरघर त्यांच्या आवाजाइतकीच ऐकू येत होती. ‘कंट्रोल, आत कुणी नाही. माळ्यावर धूर आहे. खिडकीतून होज नेतोय, माणूस अर्ध्या शिडीवर आहे…’ आणि त्यांच्या बोलण्याच्या मागे मला एका बाईचा आवाज आला. ‘पाणी… अहो, पाणी घ्या कुणीतरी.’

आगीच्या ठिकाणी भली माणसं असतातच. कुणी खुर्च्या आणून देतं, कुणी पंखा घेऊन येतं. ही बाई समोरच शिवणकाम करायची, आमच्या घामाघूम माणसांना बघून बाटल्या घेऊन धावत आली होती. तिला बिचारीला काय माहीत की आमच्याकडे पाण्याला पाणी म्हणायचं नाही.

तिच्या पाठोपाठ दादाचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. ‘पाणी.’

साहेबांचं वाक्य तुटलं. लांबून कुणीतरी ‘अरे थांब, थांब’ म्हणालं. मग बटण सुटलं. वायरलेसचा हा मोठा दुष्टपणा आहे. बटण सुटलं की पलीकडचं जग संपतं आणि आपण कानाला यंत्र लावून नुसते बसून राहतो. मी बसून राहिले. मग साहेब परत आले आणि म्हणाले, ‘कंट्रोल, रुग्णवाहिका पाठवा. आपल्याच माणसासाठी.’

होज शिडीवरच ताठ झाली आणि काडीला तिने उडवून दिलं. खाली दोरांचा ढीग होता म्हणून वाचला. पाय मोडला, खांद्याचं हाड मोडलं. गोदाम तासाभरात विझलं, त्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

पुढे सगळं व्हायला हवं तसंच झालं. चौकशी लागली. दादाने सांगितलं, ‘काडीने पाणी मागितलं, मी परत म्हणालो, व्हॉल्व्ह उघडला.’ दादाच्या शब्दाला दलात वजन होतं. त्याने उगाच कुणाचं नाव घेतलेलं कुणाला आठवत नव्हतं. आणि आमच्याकडे अर्ध्या शिडीवर असताना पाणी मागणं हा साधा गुन्हा नाही. अशा माणसाला पुन्हा नोझल देत नाहीत. त्याला भांडारात बसवतात, होज मोजायला, आणि मागे कायम म्हणतात, हा तो, ज्याला दम धरवला नाही. काडीचा पाय बरा झाला असता. हे बरं झालं नसतं.

दादाने हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काडीला बघायला इस्पितळात गेले. त्याची बायको मला बघून बाहेर जाऊन उभी राहिली. माझ्याशी काय बोलावं हे तिला कळत नव्हतं आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

‘तू पाणी म्हणालास?’ मी बसायच्या आधीच विचारलं. मला आडून आडून बोलता येत नाही.

‘दादा म्हणतात तर म्हणालो असेन, ताई.’

‘मी दादाला नाही, तुला विचारतेय.’

‘आठवत नाही.’

‘तू अर्ध्या शिडीवर होतास. एक हात शिडीला, दुसऱ्याने होज धरलेली. तिथे पाणी कोण मागतं?’

‘येडा माणूस मागतो,’ तो म्हणाला आणि हसायला गेला, पण खांद्यातून कळ आली असावी. ‘ताई, एक सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा. आम्ही हल्ली ओरडतच नाही. जो मोकळा असेल तो जाऊन दादांच्या खांद्यावर हात ठेवतो, की पाणी. मग ते पाणी म्हणतात आणि उघडतात. त्या दिवशी माणसं कमी होती. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, मी खिडकीला पोचलो की दादांना हात लाव म्हणून. मी कशाला ओरडू?’

‘केव्हापासून चाललंय हे?’

‘झाले बरेच दिवस. कुणी ठरवून नाही केलं. आपोआप सुरू झालं.’

‘आणि हे तू चौकशीत सांगणार नाहीस.’

‘त्यांनी मला होज धरायला शिकवलं, ताई. उभं कसं राहायचं इथपासून. मी त्यांना खोटं पाडू?’

मला त्याचा इतका राग आला की त्याचा मोडलेला पाय दिसत होता म्हणून गप्प बसले. अख्ख्या केंद्राने माझ्या भावाला तळहातावर सांभाळला होता, आणि शेवटी तो याच्याच अंगावर कोसळला होता. पण बाहेर पडून रस्त्याला लागले तेव्हा राग आपसूक माझ्याकडे वळला. कक्षात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलगी मला कितीदा म्हणायची, ‘ताई, तुम्ही बाकीच्यांना झापता आणि बंदर केंद्राशी गोष्ट सांगितल्यासारखं सावकाश बोलता.’ मी तिला सांगायचे, तिकडे पंपाचा आवाज फार असतो. पंपाचा आवाज तर सगळीकडेच असतो. मीसुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यांतलीच होते, फक्त लांबून.

चौकशी समितीपुढे जाऊन मी ऐकलेलं सांगू शकत होते, आणि बंदर केंद्राच्या साहेबांना ते सांगितलंही. ते भले माणूस. डोकं खाजवून म्हणाले, ‘मी तुमच्याशी बोलण्यात होतो, कोण काय म्हणालं ते मला सांगता यायचं नाही. पंप चालवणारा म्हणतो मागितलं, मागणारा म्हणतो मागितलं असेल. त्यात तुम्ही तिसऱ्याच इमारतीत बसून वायरलेसमधून ऐकलेलं. बोलणं रेकॉर्ड करायचं यंत्र चालू असतं तर गोष्ट वेगळी होती.’ ते यंत्र बिघडलेलं आहे हे कळवून मीच थकले होते. ‘आणि ताई,’ ते मग हळूच म्हणाले, ‘तुम्ही जे म्हणताय त्याचा अर्थ काय होतो, तो विचार केलाय ना?’

केला होता. दुसरं काही करतच नव्हते. काडीने मागितलं नव्हतं, तर दादाने बाईच्या आवाजावर व्हॉल्व्ह उघडला. बाईचा आवाज आणि काडीचा आवाज ज्याला वेगळा कळत नाही, त्याला पंपापाशी उभा करता येत नाही. काडीचं नाव वाचवायचं तर दादाचा पंप जाणार, आणि दादाचा पंप ठेवायचा तर काडी भांडारात. मधला रस्ता मी शोधून पाहिला. मधला रस्ता नव्हता.

समितीच्या आदल्या संध्याकाळी मी दादाकडे गेले. बातम्या जिन्यातच ऐकू यायला लागल्या. दार वहिनीने उघडलं. ‘शेजाऱ्यांनी आपला टीव्ही विकून टाकला तरी चालेल, आमच्यावरच भागतं त्यांचं,’ ती म्हणाली. हे ती नेहमी म्हणायची, पण त्या दिवशी म्हणताना हसली नाही.

दादा मला बघून खूश झाला. ‘भोंगा आला,’ म्हणाला. लहानपणापासून तो मला भोंगाच म्हणतो, माझ्या आवाजावरून. मी टीव्ही बंद केला आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले. समोर बसून बोललं की त्याला सगळं नीट कळायचं. आता माझ्या लक्षात आलं, तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

‘दादा, त्या दिवशी पाणी ती बाई म्हणाली. मी ऐकलंय.’

‘बाई म्हणाली असेल. मी बाईच्या आवाजावर व्हॉल्व्ह उघडीन? काडी म्हणाला. माझ्या कानात अजून आहे त्याचा आवाज.’

‘तो अर्ध्या शिडीवर होता.’

‘तेच तर. का म्हणाला, कुणास ठाऊक. घाबरला असेल. मला काय आनंद होतोय का त्याचं नाव सांगताना? पोरासारखा आहे तो मला. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.’ ‘पण मी ऐकलं ते ऐकलं. खोटं कसं सांगू?’

तो खोटं बोलत असता तर मला किती सोपं झालं असतं. मी भांडले असते, लाज काढली असती, आईची शपथ घातली असती. माझा भाऊ जे बोलत होता ते त्याच्या दृष्टीने शंभर टक्के खरं होतं. शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता, आवाज पोचला नव्हता. मग रिकाम्या जागेत त्याने तोच आवाज भरला, ज्याची तो वाट बघत होता.

‘दादा, तुला…’ मी सुरुवात केली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनीने मानेनेच नको म्हटलं. मी थांबले.

‘मला काय?’

‘काही नाही. जेवलास का?’

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली. ‘नका बोलू त्यांच्याशी,’ म्हणाली. ‘थोडीच वर्षं राहिलीत. पंप काढून घेतला तर हा माणूस घरात बसून काय करेल, मला विचारा. भिंतीशी बोलेल.’

‘आणि काडी काय करेल, वहिनी?’

तिने पदराने डोळे टिपले. ‘ते मला विचारू नका,’ म्हणाली. एवढ्या वर्षांत मी तिच्याशी कधी वाकडं बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाही. पण घरी जाताना मला कळलं की माझं ठरलेलं आहे. फक्त समितीच्या टेबलासमोर, परक्या माणसांच्या तोंडून त्याला ते कळू नये, एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बंदर केंद्रावर गेले. समिती दुपारी मुख्यालयात बसायची होती. केंद्राच्या पटांगणात रोजची कवायत सुरू झाली होती. त्या दिवशी मॉनिटरची पाळी होती. मॉनिटर म्हणजे बंबाच्या टपावर बसवलेली पाण्याची तोफ. ती तोंड समुद्राकडे करून पक्की केलेली होती, आणि टपावर अजून कुणी चढलेलं नव्हतं. हे मी नीट बघून घेतलं, दोनदा. बंबाच्या पलीकडे माणसं ओळीत उभी होती आणि साहेब त्यांना काहीतरी समजावत होते. अलीकडच्या बाजूला, पंपाच्या व्हॉल्व्हच्या चाकांवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून दादा उभा होता. इंजिन सुरू होतं.

मी त्याच्या मागे आले. फार लांब नाही, दोन खोल्यांच्या घरात असतं तेवढ्या अंतरावर.

‘दादा.’

तो पंपाच्या काट्याकडे बघत होता. मी पुन्हा हाक मारली, या वेळी चांगली दणदणीत. घरात मी एवढ्याने हाक मारली तर शेजारी ओ देतात. ओळीतल्या एक-दोन माणसांनी वळून बघितलं. दादाने फडका घेतला आणि काट्याची काच पुसली.

मला तेवढ्यावर परत फिरता आलं असतं. मला माझं उत्तर मिळालं होतं. पण त्याला मिळालं नव्हतं, आणि ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मिळून उपयोग नव्हता. मी काडीसारखा आवाज काढला नाही. वायरलेसवर रोज बोलते त्या माझ्याच बायकी आवाजात, हाकेइतक्याच जोराने, तो ज्याची वाट बघत उभा होता तो शब्द म्हणाले,

‘पाणी.’

दादाची पाठ ताठ झाली. ‘पाणी,’ तो परत म्हणाला, खड्या आवाजात, आणि त्याने चाक फिरवलं.

टपावरून पाणी सुटलं आणि भिंतीवरून समुद्रात जाऊन पडायला लागलं. ओळीत कुणीतरी काही म्हणायला गेलं, साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. दादाने नेहमीच्या सवयीने वर बघितलं, टपावरचा माणूस नीट आहे ना ते बघायला. टप रिकामा होता. तो एक पाऊल मागे आला आणि पुन्हा बघितलं. मग बंबाला वळसा घालून ओळीकडे बघितलं. सगळे खाली होते, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग तो वळला आणि त्याला मी दिसले.

आम्ही भावंडं आहोत. मला काही सांगावं लागलं नाही.

तरी त्याने विचारलंच, कारण त्याची सगळी हयात शब्द परत म्हणून खात्री करण्यात गेली होती. ‘तू म्हणालीस?’

मी मान हलवली.

‘मला पुरुषाचा आवाज आला,’ तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. साक्षीदार सांगतो तसं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं, आणि ते पंपाबद्दल नव्हतं. ‘म्हणजे त्या दिवशी तो बोललाच नव्हता. आणि मी त्याचं नाव सांगितलं.’

मी रडत होते. मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडेल, चारचौघांत तमाशा केलास म्हणेल. मी त्यासाठी तयार होऊन आले होते. तो चिडला नाही. तो पंपाकडे वळला, ‘बंद’ म्हणाला, आणि चाक फिरवायला लागला, सावकाश, कारण पाणी झटक्याने तोडलं तर पंपाला धक्का बसतो. पूर्ण बंद झाल्यावर त्याने इंजिन थांबवलं. हात पुसले. टोपी नीट केली आणि साहेबांच्या दिशेने चालायला लागला.

त्याने एकट्याने जावं हे मला सहन होईना. मी मागून हाक मारली. तो चालतच राहिला. मग मी धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हणाले, मीपण येते तुझ्याबरोबर. रडण्यात माझे ओठ नीट हलले नसावेत.

दादा थांबला. ओळीतली सगळी माणसं, साहेब, ड्रायव्हर, ज्यांनी इतके दिवस त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता ती सगळी समोर उभी होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो मला म्हणाला, ‘मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही.’